मदत हवी आहे: पहिल्या पीसीला एसएसडी ५०० जीबी की १ टीबी?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. गणपतीआधी पहिलाच पीसी स्वतः जोडायचाय. बाकी पार्ट ठरलेत, घोडं अडलंय एसएसडीवर (डेटा साठवणारी वेगवान ड्राइव्ह).

मुख्य काम भावाच्या होमस्टेचे व्हिडिओ: तारकर्लीचा किनारा, स्कूबा, ड्रोन. कॅमेरा फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) घेतो, म्हणजे तासाला ४५ जीबी! ५०० वाली विंडोजमध्ये ४६५च दिसणार. त्यात विंडोज, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, एखादा गेम (तो येणारच). वर काठोकाठ भरली की स्पीड पडतो, म्हणजे थोडी जागा मोकळी सोडावीच लागेल.

मदरबोर्डावर एम.२ चे (एसएसडी थेट बसवायचे) दोन स्लॉट आहेत. मग आता ५०० टाकून पुढे दुसरी घ्यावी, की सरळ १ टीबी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी)? जुनं फुटेज हार्ड डिस्कवर टाकेन. इथल्या नेटवर क्लाउडचं नावच नको.

आणखी एक, डीरॅम (एसएसडीतली छोटी वेगवान मेमरी) नसलेली स्वस्तातली एसएसडी अशा कामाला चालते का? मोठ्या फाइल कॉपी करताना किती रखडते, हे वापरणाऱ्यांनीच सांगा. यूपीएस घेतोच आहे, पावसात लाइटचा काय भरवसा!