मदत हवी आहे: उपग्रह प्रतिमेवरून भूआच्छादन काढताना पॉलिगॉनमधल्या फटी आणि न जुळणारं क्षेत्रफळ

नमस्कार मंडळी,

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटिनेल-२ उपग्रहाची प्रतिमा खाली ठेवून एका छोट्या पाणलोट क्षेत्राचा भूआच्छादन नकाशा, म्हणजे जमिनीवर कुठे काय आहे त्याचा नकाशा, हाताने काढतेय. वर्ग सहाच: शेती, जंगल, झुडपं-गवत, बांधकाम, पाणी आणि उघडी जमीन. निम्म्याच्या आसपास काम झालंय आणि आता गाडी अडलीय.

सगळ्यात मोठी कटकट फटींची. शेजारचे दोन पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार, काढले की मधे बारीक चीर राहते, नाहीतर एक दुसऱ्यावर चढतो. स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या जुन्या बिंदूला चिकटवणारी सोय) चालू आहे, तरी जंगलाच्या वळणावळणाच्या कडेला हे हमखास होतं. लांबून बघितलं तर नकाशा छान दिसतो, पण सगळ्या वर्गांची बेरीज पाणलोटाच्या सीमेच्या क्षेत्रफळाशी जुळत नाही. शेपफाईल हा फाईलचा प्रकार सोडून जिओपॅकेज घेतलं तर हे थांबेल का?

त्यात आणखी एक गोंधळ. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये 'डॉलर एरिया' वापरलं की एक आकडा येतो आणि 'एरिया' फंक्शनमध्ये जॉमेट्री (पॉलिगॉनचा आकार) दिली की दुसरा, साधारण १३ टक्के मोठा. खरा कुठला धरू?

शिवाय किती बारीक जायचं हे ठरत नाहीये. शेतातला झाडांचा पुंजका वेगळा काढायचा की शेतीतच धरायचा? पडीक शेत आणि उघडी जमीन तर मला सारखीच दिसतात. प्रतिमा नैसर्गिक रंगांत, म्हणजे ४-३-२ बँडमध्ये (बँड म्हणजे प्रकाशाचा एकेक पट्टा) बघतेय, आणि शंका आली की जास्त स्पष्ट दिसणारा ऑनलाइन बेसमॅप लावते. "हाताने कशाला, क्लासिफिकेशन (संगणकाकडून वर्गीकरण) चालव" असंही बऱ्याच जणांनी सांगितलंय. तेही करीन, पण त्याने नेमकं काय सुटेल ते कोणी सांगेल का?

प्रतिसाद – रेषाप्रेमी

जिओपॅकेजने फटी जाणार नाहीत. ते जरूर वापरा, कारण शेपफाईलमध्ये कॉलमचं नाव १० अक्षरांवर कापलं जातं आणि एका लेयरच्या चार-पाच फायली सांभाळत बसावं लागतं. पण शेजाऱ्यांची सामाईक कड दोन्हीकडे दोनदाच साठवली जाते. दुखणं तिथेच आहे. दोन शेतांमधला बांध एकच असतो, तुम्ही मात्र तो दोनदा घालताय. दुसऱ्यांदा काढलेली रेषा पहिलीवर तंतोतंत बसणं अशक्य. स्नॅपिंग फक्त तुम्ही क्लिक केलेला बिंदू ओढून घेतं, दोन क्लिकच्या मधली वळणं नाही. म्हणून सरळ कडेला निभावतं आणि जंगलाच्या कडेला फसतं.

उरलेल्या कामासाठी मी पॉलिगॉन काढणंच बंद करायला सांगेन. रेषांचा एक लेयर करा आणि प्रत्येक सीमा एकदाच ओढा. रेषा दुसऱ्या रेषेला मिळते तिथे ती थोडी पुढे गेली तर चालेल, अलीकडे थांबली तर नाही. पाणलोटाची सीमाही त्याच लेयरमध्ये रेषा म्हणून घ्या. मग प्रोसेसिंगमधल्या 'स्प्लिट विथ लाईन्स'ने हा लेयर त्याच्याच रेषांनी तोडा, म्हणजे प्रत्येक छेदावर बिंदू तयार होतो, आणि त्यावर 'पॉलिगनाईज' चालवा. बंद झालेल्या प्रत्येक जागेचा पॉलिगॉन मिळतो, पुढे आलेली शेपटं आपोआप गळतात. कड एकाच रेषेतून आलेली असल्याने फट पडायला जागाच उरत नाही.

वर्ग द्यायला बिंदूंचा वेगळा लेयर ठेवा. प्रत्येक तुकड्यात एक बिंदू, त्याला वर्गाचा कोड, आणि शेवटी 'जॉइन अॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन'ने तो कोड त्या जागेच्या पॉलिगॉनला जोडा. ज्या पॉलिगॉनला कोड मिळाला नाही तिथे बिंदू टाकायचा राहिलाय. एकाच पॉलिगॉनमध्ये दोन वेगळे कोड आले तर मधली रेषा कुठेतरी उघडी आहे. चुका शोधायला याहून सोपी पद्धत मला माहीत नाही.

झालेलं काम टाकून देऊ नका. 'चेक जॉमेट्रीज' प्लगइन फटी आणि एकमेकांवर चढलेले भाग दोन्ही दाखवतं. चिरांसारखे निमुळते तुकडे निवडून 'एलिमिनेट सिलेक्टेड पॉलिगॉन्स' चालवलं की ज्या शेजाऱ्याबरोबर सर्वांत लांब कड आहे त्यात ते मिसळतात. ही पद्धत मात्र नीट निवडा, कारण तिथे सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा शेजारी असाही पर्याय असतो आणि लांबट चिरांसाठी तो चुकीचा ठरतो.

प्रतिसाद – पृष्ठफळ

१३ टक्क्यांवरून एक अंदाज: तुमचं क्षेत्र २० अंश अक्षांशाच्या आसपास आहे आणि लेयर ईपीएसजी ३८५७ मध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट करण्याच्या पद्धतीत). बरोबर?

वेब मर्केटर क्षेत्रफळ फुगवतं. विषुववृत्तापाशी फरक जवळजवळ नसतो, २० अंशांवर सुमारे १३ टक्के आणि ६० अंशांवर चौपट. 'एरिया' फंक्शन लेयरच्या प्रक्षेपणात सपाट कागदावर मोजल्यासारखं मोजतं. 'डॉलर एरिया' प्रोजेक्टमध्ये ठरवलेला लंबगोल, म्हणजे पृथ्वीचा खरा आकार, धरून मोजतं, म्हणून तुमचा लहान आकडा खरा. लंबगोल 'नन' (कुठलाच नाही) ठेवला असता तर तोही फसला असता. ऑनलाइन बेसमॅप सगळ्यात आधी लावला की प्रोजेक्टच ३८५७ होऊन बसतो आणि पुढचे नवे लेयर तेच उचलतात. लेयर तुमच्या यूटीएम झोनमध्ये (पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांसाठीचं मीटरमधलं प्रक्षेपण) रीप्रोजेक्ट करून घ्या, दोन्ही आकडे अगदी जवळ येतील. सेंटिनेल-२च्या फायली यूटीएममध्येच येतात.

प्रतिसाद – बँडबाजा

हाताने काढणं आता जुनं झालं. सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन घ्या, प्रत्येक वर्गाचे नमुने द्या, रँडम फॉरेस्ट हा वर्गीकरणाचा अल्गोरिदम चालवा. किंवा युरोपियन स्पेस एजन्सीचा तयार भूआच्छादन नकाशा, वर्ल्डकव्हर, उतरवा, १० मीटरचं, २०२० आणि २०२१ साठी फुकट आहे. एवढ्या कष्टांची गरज काय?

प्रतिसाद – रेषाप्रेमी

हजारो चौरस किलोमीटर असते तर मीही हेच म्हटलं असतं. छोट्या पाणलोटात, सहा वर्गांत आणि निम्मं काम झाल्यावर नाही. पिक्सेलवार वर्गीकरणात मीठ-मिरी पसरल्यासारखे एकेकटे पिक्सेल उरतात, ते 'सिव्ह'ने गाळा, मग पिक्सेलचे पॉलिगॉन (व्हेक्टर) करा, मग पायऱ्यापायऱ्यांच्या कडा गुळगुळीत करा. आणि मूळ अडचण तशीच राहते: पडीक शेत आणि उघडी जमीन एका तारखेच्या प्रतिमेत माणसाला वेगळी ओळखता येत नसतील, तर त्याच प्रतिमेवर शिकवलेला अल्गोरिदमही तिथेच अडखळणार. वर्ल्डकव्हर शेजारी उघडून ठेवा. जिथे तुमचं आणि त्याचं जुळत नाही तिथे पुन्हा बघा, एवढा त्याचा उपयोग करा.

पडीकचा प्रश्न दोन तारखांनी सुटतो. पिकं उभी असतानाची एक प्रतिमा आणि काढणीनंतरची दुसरी. एकदा हिरवं आणि एकदा मातकट दिसतं ते शेत, दोन्ही वेळा मातकट ती बहुधा उघडी जमीन. अख्खं वर्ष पडीक राहिलेलं शेत यातूनही निसटेल, तिथे बांधांचा चौकोनी साचा बघायचा. सेंटिनेल-२ ची जोडी दर ५ दिवसांनी तीच जागा टिपते, त्यामुळे ढग टाळूनही दोन चांगल्या तारखा मिळतात. लेव्हल-२ए घ्या, त्यात वातावरणाचा परिणाम आधीच काढलेला असतो.

आणि ४-३-२ वर अडून राहू नका. ८-४-३ (८वा बँड डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा) लावलं की वनस्पती लाल दिसते, दाट जंगल गडद, पाणी काळपट. जंगलाची कड त्यात फार स्वच्छ सुटते. ११-८-२ मध्ये उभं पीक झगझगीत हिरवं दिसतं. ११वा बँड मुळात २० मीटरचा आहे, तेव्हा त्यावरून ओळखायचं, पण कड १० मीटरच्या बँडांवरच ओढायची. बेसमॅपचंही तसंच. तो वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेला असतो आणि तुमच्या प्रतिमेपेक्षा काही मीटर सरकलेला असू शकतो. शंका फेडायला वापरा, रेषा ओढायला नको.

धागाकर्तीचा प्रतिसाद

लेयर ३८५७ मध्येच होता! अक्षांशही बरोबर. यूटीएममध्ये नेल्यावर दोन आकड्यांतला फरक नगण्य झाला.

रेषांची पद्धत एका कोपऱ्यात करून बघितली, आवडली. पण जुन्या भागात मोठ्या शेतीच्या पॉलिगॉनच्या पोटात तळी आणि वस्त्या काढायच्या राहिल्यात. 'स्प्लिट फीचर्स'ने बंद गोल काढला तर काहीच होत नाही. आणि बारीकपणाचा प्रश्न अजून तसाच आहे.

प्रतिसाद – पृष्ठफळ

'स्प्लिट'ला रेषा पॉलिगॉनच्या आरपार जावी लागते. पोटातल्या बेटासाठी अॅडव्हान्स्ड डिजिटायझिंग पट्टीवर 'फिल रिंग' आहे. ते भोक पाडतं आणि त्याच कडेचा नवा पॉलिगॉन आत बसवतं. कडेला लागून नवा तुकडा जोडायचा असेल तर स्नॅपिंगच्या पट्टीवर 'अव्हॉइड ओव्हरलॅप' चालू करून शेजाऱ्यावर बिनधास्त चढून काढा, चढलेला भाग तो स्वतः कापतो. 'टोपोलॉजिकल एडिटिंग'ही चालू ठेवा, म्हणजे सामाईक बिंदू हलवला की दोन्ही पॉलिगॉन सोबत हलतात.

प्रतिसाद – रेषाप्रेमी

बारीकपणा आधी कागदावर ठरवायचा. वाल्डो टोबलर यांचा जुना ठोकताळा आहे: नकाशाच्या प्रमाणातल्या छेदाला १००० ने आणि मग २ ने भागा, येईल तितक्या मीटरचा पिक्सेल त्या प्रमाणाला पुरतो. उलटं केलं तर १० मीटरच्या पिक्सेलला १:२०,०००. पडद्यावरचं प्रमाण तिथे, फार तर १:१०,००० ला, लॉक करून ठेवा. त्याहून आत गेलात तर तुम्ही पिक्सेलच्या पायऱ्या गिरवत बसाल.

मग किमान आकार ठरवा. युरोपच्या कोरीन या भूआच्छादन नकाशात तो २५ हेक्टर आहे आणि लांबट गोष्टींना किमान १०० मीटर रुंदी लागते, पण तो अख्ख्या खंडाचा नकाशा आहे. तुम्हाला अर्धा हेक्टर चालावा, म्हणजे १० मीटरचे ५० पिक्सेल. त्याहून लहान पुंजका ज्या वर्गात बसलाय त्यातच धरा, अपवाद फक्त पाण्याचा, कारण पाणलोटाच्या कामात लहान तळीही मोलाची. अपवाद लिहून ठेवा. जंगल कशाला म्हणायचं, म्हणजे झाडांच्या माथ्यांचं छत्र किती टक्के हवं आणि फळबाग कुठे टाकायची, तेही त्याच कागदावर लिहा.

जुना भाग या नियमांनी एकदा चाळा. मग नकाशा किती बरोबर आहे ते तपासायला प्रत्येक वर्गात यादृच्छिक बिंदू टाका, वर्गाला ५० तरी, आणि स्वतःचा नकाशा बंद करून बेसमॅपवर ते ओळखा, जमल्यास दुसऱ्या कोणाकडून. बेसमॅपची तारीख तुमच्या प्रतिमेच्या जवळची आहे ना, एवढं मात्र बघून घ्या.