आकडे मोजून माझी झोप उलट उडते

झोप येत नसेल तर शंभरापासून उलटे आकडे मोजा, असं बरेच जण सुचवतात. माझ्याकडे ते चालत नाही बुवा. तोंडाने सत्त्याहत्तर, शहात्तर चालू असतं आणि डोकं मागे उद्याच्या मीटिंगमध्ये भांडत असतं. मोजणं इतकं सवयीचं की मनाला वळवळायला भरपूर जागा उरते.

मला लागू पडला तो शब्दांचा खेळ. कॅनडातले संशोधक ल्यूक बोदवाँ यांची ही युक्ती. एक साधा शब्द घ्यायचा, समजा 'कमळ'. मग क-वरून कंदील. नुसतं नाव घेऊन पुढे पळायचं नाही, काचेवरची काजळी, वात वर-खाली करायची चकती, सगळं डोळ्यांसमोर आणायचं. मग कासव, कात्री. एकाचा दुसऱ्याशी संबंध नको; गोष्ट जुळू लागली की विचारांची गाडी पुन्हा सुटते. क संपला की म. 'ळ'पर्यंत मी अजून पोचलेलो नाही, आणि पोचलो तर पंचाईतच, ळ-वरून शब्द आणू कुठून?

कामांचीच धास्ती असेल तर आधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा. २०१८ साली अमेरिकेत ५७ जणांवर प्रयोग झाला होता. पुढची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं आधी झोपले. त्यातही मोघम नाही, बारकाईने लिहिणारे लवकर.

तरीही वीसेक मिनिटं टक्क जागे असाल तर सरळ उठून बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा. घड्याळ मात्र बघू नका.