हातकागदावर शिक्क्याची शाई पसरते: दिवाळीच्या भेटकार्डांसाठी कोणती शाई वापरावी?

आसावली (अंबाजोगाई)

सर्वांना नमस्कार. आमच्या बचत गटातील आम्ही पाच जणी गेल्या संक्रांतीपासून हाताने भेटकार्डे तयार करीत आहोत. या दिवाळीसाठी आम्ही खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याहून हातकागद आणला. त्याचा खरबरीत पोत आणि न कापलेल्या, दशा सुटल्यासारख्या कडा आम्हा सगळ्यांनाच फार आवडल्या. पैठणीच्या काठावर असतो तसा बांगडीमोराचा एक लाकडी ठसा मिळाला, आणि तहसील कार्यालयासमोर शिक्के तयार करून देणाऱ्या एका दुकानातून ‘शुभ दीपावली’ आणि ‘धनत्रयोदशीच्या शुभेच्छा’ असे दोन रबरी शिक्के करून घेतले. शाईसाठी कार्यालयांत असते तेच जांभळे आणि लाल स्टॅम्प पॅड घेतले.

शिक्का उचलल्यावर पहिले काही क्षण अक्षरे स्वच्छ दिसतात, पण पाहता पाहता शाई कागदाच्या तंतूंतून बाहेर सरकू लागते. ‘शुभ’मधील ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे तुटते, ती फट भरून जाते आणि शब्द ‘शुम’ असा वाचला जातो. ‘धनत्रयोदशी’ची त्याच कारणाने ‘घनत्रयोदशी’ होते. अशी चाळीस कार्डे वाया गेली. माझ्या थोरल्या नणंदबाईंनी आयुष्यभर मराठी शिकवले आहे. त्यांच्या हाती असे कार्ड देणे मला शक्य नाही.

मग आम्ही चकचकीत कार्डशीट आणून पाहिली. तिच्यावर अक्षरे रेखीव उठतात, परंतु दुसऱ्या दिवशीही बोट लागताच शाई फरफटते. तिसरी काळजी रंग टिकण्याची आहे, कारण संक्रांतीचे एक कार्ड मी खिडकीसमोरच्या कपाटात उभे करून ठेवले होते आणि त्यावरचा जांभळा रंग आता जवळजवळ उडून गेला आहे. हातकागद सोडावा असे मनातून वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

बांधणीकार (नांदेड)

आसावलीताई, माझा व्यवसाय वहीबांधणीचा असून कागद आणि शाई यांच्याशी रोजचा संबंध आहे. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी, त्या कार्यालयीन शाईत आहे. ती पाणी, ग्लिसरीन आणि विरघळलेला रंग यांची बनलेली असते. ग्लिसरीन घालण्याचा हेतू असा की पॅड उघडे राहिले तरी चटकन सुकू नये. ते नसते तर आपल्याकडच्या वैशाखात असे पॅड दोन दिवसही टिकले नसते. मात्र त्यामुळेच ही शाई हवेने फारशी वाळत नाही, ती कागदात मुरली तरच कोरडी होते. हातकागद तिला सर्व दिशांनी ओढून घेतो, म्हणून ती पसरते. चकचकीत कार्डावर खनिज मातीचा गुळगुळीत थर असतो, तो तिला आत येऊ देत नाही, म्हणून ती वरच ओली राहते. रंग उडण्याचे कारणही शाईच आहे. जांभळ्या पॅडमध्ये बहुधा मिथिल व्हायोलेट जातीचा रंग असतो आणि तो उन्हापुढे टिकत नाही.

यावर उपाय म्हणजे पिगमेंट शाई. तिच्यात रंग विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात. आपल्या जुन्या पोथ्यांची काजळी आणि गोंद घोटून केलेली काळी शाई याच जातीची, आणि ती शेकडो वर्षे काळीभोर राहिलेली आपण पाहतो. पिगमेंट शाईची पॅडे कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. कार्यालयीन पॅडपेक्षा ती बरीच महाग पडतात, पण एक पॅड पुष्कळ कार्डांना पुरते. ही शाई सावकाश वाळते, त्यामुळे छापलेली कार्डे एक रात्र सुटी पसरून ठेवावीत, एकावर एक रचू नयेत. चकचकीत कार्डावर मात्र हीसुद्धा वाळत नाही, तेव्हा तो कागद या कामातून बादच समजावा.

आता कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण कागजीपुऱ्याचे नाव घेतलेत. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी हे गाव वसवले असे सांगितले जाते. पूर्वीचा लिहिण्याचा हातकागद आज आपण हाती घेतो तसा खरबरीत ठेवत नसत. त्याला पिठाची खळ देत, वाळवत आणि नंतर गुळगुळीत दगडाने किंवा मोठ्या कवडीने घोटत असत. खळीने तंतूंमधल्या पोकळ्या बुजतात, घोटल्याने पृष्ठभाग दाबला जातो, आणि मग बोरूने ओढलेली रेघ जिथल्या तिथे राहते. आपला कागद बिनखळीचा दिसतो. खात्री करायची असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो लगेच गडप झाला तर खळ नाही, काही वेळ मोत्यासारखा उभा राहिला तर आहे.

हे घरीही करता येते. वाटीभर पाण्यात एक सपाट चमचा मैदा कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, गाळून थंड करावा आणि रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना अगदी पातळ हात द्यावा. कागद सावलीत दोरीवर वाळवावा, मग रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवावा. पूर्ण कोरडा झाला की गुळगुळीत फरशीवर ठेवून नदीतल्या घासलेल्या गोट्याने एकाच दिशेने घोटावा. गोटा फिरला तिथे कागदाला मंद तकाकी येते आणि बोटाला फरक कळतो. संपूर्ण कार्ड घोटण्याची गरज नाही, जिथे अक्षरे येणार तेवढीच पट्टी घोटली तरी पुरे. बाकीचा पोत आपल्याला आवडतो तसाच राहील.

शिक्केकरी (लातूर)

मी शिक्के तयार करतो, म्हणून अक्षरांबद्दलच बोलतो. बांधणीकार यांनी शाईचे जे सांगितले त्याच्याशी मी सहमत आहे, पण ‘भ’चा ‘म’ होण्यात शिक्क्याचाही वाटा आहे. बहुतेक दुकानदार संगणकावर असलेला नेहमीचा जाड टंक घेतात आणि तो लहान करून रबरावर उतरवतात. जाड टंकात ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची फट मुळातच अरुंद असते, मग शाई थोडी जरी सरकली तरी ती बुजते. शिक्का नव्याने करून घेताना मध्यम किंवा बारीक वळणाचा टंक मागावा, अक्षराची उंची 10 मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये आणि ही फट 1 मिलिमीटर तरी मोकळी आहे ना, हे छापील नमुन्यावर पट्टी लावून पाहावे. ‘श्र’, ‘द्ध’ आणि ‘च्छ’ यांच्या पोटातल्या जागाही तशाच तपासाव्यात. कोणाचे हस्ताक्षर सुंदर असेल तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने लिहून तेच द्यावे. आरशातल्यासारखे उलटे करण्याचे काम दुकानदाराचे आहे, आपण सरळच लिहून द्यायचे.

आत शाई भरलेला, दाबला की आपोआप उमटणारा शिक्का कार्डांसाठी घेऊ नये, कारण त्यात रंग बदलता येत नाही. साधा, लाकडी मुठीचा घ्यावा. पारदर्शक पॉलिमरचा शिक्का घेतल्यास अक्षर नेमके कुठे बसते ते वरून दिसते, ही मोठी सोय आहे, पण तो उन्हात पिवळा आणि चिकट होतो, म्हणून डब्यात ठेवावा. नव्या पॉलिमरवर शाई थेंबाथेंबाने गोळा होताना दिसली तर त्याच्या तोंडावरून हलक्या हाताने खोडरबर फिरवावे, म्हणजे वरचा तुळतुळीतपणा जातो आणि शाई सारखी धरते.

शाई लावण्याची पद्धतही सांगतो. शिक्का पॅडवर दाबण्याऐवजी शिक्का उताणा धरावा आणि पॅड त्यावर हलके हलके टेकवावे, म्हणजे अक्षरांच्या खोबणीत शाई साचत नाही. कागदाखाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या ठेवाव्यात, शिक्का सरळ खाली आणावा, दाबावा आणि सरळ वर उचलावा. मुठीला झोका दिला की कडेच्या रबराचाही डाग पडतो.

खडूफळा (परभणी)

मी शाळेत चित्रकला शिकवते. बांगडीमोराच्या लाकडी ठशाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. लाकडी ठसे कापडावर घट्ट रंगाने छापण्यासाठी कोरलेले असतात आणि पातळ शाई त्यांच्या खोल नक्षीत उतरून मोराची पिसे एकमेकांत मिसळतात. त्यासाठी कापडावर रंगवण्याचा ॲक्रिलिक रंग स्पंजाच्या तुकड्याला लावून ठशाच्या उंचवट्यांवर टिपावा. पाणी मुळीच मिसळू नये. दर चार-पाच छापांनंतर ठसा जुन्या दातघासणीच्या ब्रशने धुवावा, कारण हा रंग लाकडात वाळला तर पुन्हा निघत नाही.

मुलांबरोबर आम्ही भेंडीचे आडवे काप आणि खोडरबरे वापरतो. भेंडीला पाच कडा असतात, त्यामुळे तिचा छाप पाच पाकळ्यांच्या फुलासारखा उठतो, मात्र काप केल्यावर तो थोडा वेळ कागदावर ठेवून चिकटपणा टिपून घ्यावा लागतो. मागच्या वर्षी वेळ अमावस्येला मुलांनी खोडरबरावर ज्वारीचे कणीस कोरले. दाणे म्हणून पेन्सिलीच्या टोकाने नुसते टोचे मारले होते, आणि छापल्यावर ते दाणे पांढरे राहून कणीस भरलेले दिसले. लातूर आणि धाराशिवकडे ही अमावस्या शेतात केवढ्या थाटाने साजरी होते हे सांगायला नको, पण त्या दिवसाचे भेटकार्ड मी बाजारात कधी पाहिलेले नाही. बचत गटाने याचा अवश्य विचार करावा.

खळीबद्दल मात्र मला शंका आहे. पिठाची खळ दिलेल्या कागदाला कसर लागते; आमच्या घरातल्या जुन्या वह्या तशाच गेल्या. खळीत तुरटी घातली तर चालेल का?

बांधणीकार (नांदेड)

शंका योग्य आहे. तुरटीने खळ घट्ट धरते हे खरे, परंतु ती कागदात आम्लता आणते आणि काही वर्षांनी कागद पिवळा, ठिसूळ होतो. बांधणीच्या खळीत आम्ही कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो, पण ते विषारी असते आणि मुलांच्या हाती जाणाऱ्या कार्डांत ते कधीही घालू नये. खळ अगदी पातळ ठेवणे आणि कार्डे कोरड्या जागी, हवेशीर ठेवणे एवढे पुरते. कसर लागते ती ओल धरलेल्या, जाड खळीच्या कागदाला. ज्यांना खळ नकोच असेल त्यांनी बिनखळीचा कागद नुसता घोटावा आणि पिगमेंट शाई वापरावी. अक्षर किंचित मऊ दिसेल, पण फट बुजणार नाही.

आणखी एक सुचवतो. अक्षरे थेट कार्डावर छापण्याऐवजी घोटलेल्या कागदाच्या वेगळ्या पट्टीवर छापावीत आणि चांगली उठलेली पट्टीच कार्डावर चिकटवावी. छाप बिघडला तर दोन बोटांची पट्टी जाते, कार्ड जात नाही. आपली चाळीस कार्डेही याच रीतीने वाचू शकतात, बिघडलेल्या अक्षरांवर नवी पट्टी बसवावी.

आसावली (अंबाजोगाई)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहीत आहे, कारण सगळे करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते.

पाण्याचा थेंब टाकताक्षणी गडप झाला, म्हणजे कागद बिनखळीचाच होता. आम्ही त्याचे तीन तुकडे केले, पहिला जसाच्या तसा ठेवला, दुसरा नुसता घोटला आणि तिसरा खळ देऊन घोटला. घोटण्यासाठी आमच्यातल्या एकीने माहेराहून, गोदावरीच्या पात्रातून तळहाताएवढा काळा गोटा आणला. तिन्ही तुकड्यांवर आधी जुनी जांभळी शाई आणि मग मागवलेली काळी पिगमेंट शाई छापली. जांभळी शाई पहिल्या दोन्हींवर पसरली. खळीच्या तुकड्यावर ती बरीच आवरली, तरी ‘भ’ संशयास्पदच राहिला. पिगमेंट शाई नुसत्या घोटलेल्या कागदावरही इतकी नीट बसली की नणंदबाईंनी भिंग घेऊन ‘ध’ची फट पाहिली आणि ठीक आहे म्हणून मान हलवली. खळ देण्यात दोन दिवस जातात आणि कागद थोडा आखडतो, म्हणून आम्ही या खेपेला बिनखळीचा, घोटलेला कागद आणि पिगमेंट शाई हेच ठरवले आहे.

एक चूक आमच्याकडून झाली. शाई लवकर वाळावी म्हणून कार्डे पंख्याखाली ठेवली आणि पॅडही तिथेच उघडे राहिले, त्याचा वरचा थर कोरडा पडला. पॅड झाकण लावून दोन दिवस उलटे ठेवल्यावर शाई पुन्हा वर आली. आता कार्डे आतल्या खोलीत सतरंजीवर पसरतो आणि पॅडचे झाकण प्रत्येक छापानंतर लावतो.

बिघडलेल्या चाळीस कार्डांपैकी चौतीस पट्ट्या लावून वाचली. शिक्केकरीदादांनी सांगितल्याप्रमाणे ‘धनत्रयोदशी’चा शिक्का बारीक टंकात नव्याने करायला दिला आहे. खडूफळाताई, वेळ अमावस्येच्या कार्डासाठी कणीस आम्ही खोडरबरावर कोरून पाहिले, परंतु दोनशे कार्डांना ते टिकेल असे वाटत नाही, कारण टोच्यांच्या कडा आत्ताच झिजू लागल्या आहेत. तोच छाप शिक्क्याच्या दुकानात देऊन रबरात उतरवून घेता येईल का, आणि इतके बारीक दाणे रबरात मोकळे राहतील का, हे शिक्केकरीदादांनी सांगावे. छाप स्वच्छ काढून ठेवला आहे.

शिक्केकरी (लातूर)

अवश्य होईल. छाप काळ्या शाईत काढून दुप्पट आकारात स्कॅन करून द्यावा. दोन दाण्यांमधली भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर ती रबरात तुटते, म्हणून दाणे थोडे कमी करावेत आणि कणसाच्या टोकाकडे ते लहान होत जातील असे पाहावे.