मदत हवी आहे: शुश्रूषा केंद्रातील रुग्णांची आकलनक्षमता ओळखायला थेरपिस्टना कसे शिकवावे?

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात नव्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामे जमावीत म्हणून सराव देणारे) मंडळींना तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. १९७५ पासून प्रचलित असलेली स्मरण आणि आकलन तपासणारी ३० गुणांची मिनी मेंटल चाचणी ते व्यवस्थित घेतात. अडचण येते ती रुग्ण प्रत्यक्षात काय करू शकेल हे ताडताना. एका आजींना तारीख सांगता येत नाही आणि शंभरातून सात-सात वजाही करता येत नाहीत (शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ते विचारणेच मला गैर वाटते), पण मोड आलेले वाल पुढ्यात ठेवले की साले एकीकडे, डाळिंब्या एकीकडे असे त्या बिनचूक सोलतात. उलट, जाळे सफाईने विणणाऱ्या एका आजोबांना व्हीलचेअरचा ब्रेक लावणे रोज दाखवूनही लक्षात राहत नाही. हाताला असलेला जुना सराव आणि नवे शिकण्याची क्षमता यांतला हा फरक तरुण थेरपिस्टच्या गळी कसा उतरवावा? सूचना न कळलेल्या रुग्णावर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून ते मोकळे होतात.

अ‍ॅलन पद्धतीत चामड्याच्या तुकड्यातून दोरी ओवायला लावून, टाके क्रमाने अवघड करत ३.० ते ५.८ दरम्यान आकलनक्षमतेची पातळी ठरवतात. ही पद्धत कोणी मराठी रुग्णांसाठी वापरली आहे का, आणि प्रशिक्षणार्थींना निरीक्षण शिकवण्यासाठी आपण कोणती कामे निवडता, हे कृपया सविस्तर कळवावे.