मदत हवी आहे : कसूतीचा गवंती टाका, परतीच्या फेरीत रेषा तुटते

तेजश्री_प :

कसूतीचा (कर्नाटकातलं, घरं मोजून करायचं भरतकाम) गवंती टाका शिकते आहे, म्हणजे जाताना एक सोडून एक घर भरायचं आणि त्याच वाटेने परतताना मधली रिकामी घरं. मोठं काम हाती घ्यायच्या आधी बुकमार्क, चहाच्या कपाखालची चौकट अशा छोट्या वस्तू करून हात बसवायचा विचार आहे. कापड पांढरं आयडा (चौकोनी घरांच्या विणीचं), 14 काउंट, म्हणजे इंचाला 14 घरं. दोरा अँकरचा, लाल, दोन पदर. सुई नेहमीची भरतकामाची, टोकदार.

अडचणी अशा :

1. जातानाची फेरी ठीक होते. परतताना मधली रिकामी घरं भरली की रेषा सरळ न दिसता करवतीसारखी दिसते.
2. मुख्य रेषेतून वर जाणारा फाटा केला की त्याच्या पुढे सगळा क्रम बिघडतो. एका घरात दोन टाके, शेजारचं घर रिकामं.
3. गाठ मारायची नाही हे माहीत आहे, पण मग सुरुवात पक्की कशी करायची? मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसायला हवी आहे.

नमुना साधा आहे. आडवी रेषा, तिच्यावर ठरावीक अंतराने छोटी रोपं, प्रत्येक रोपाला वर दोन पानं.

---

उषा_धारवाड :

तेजश्रीताई, पहिल्यांदा सुई बदला. टोकदार सुई आधीच्या टाक्याच्या दोऱ्यातून आरपार जाते, दोरा चिरला जातो आणि परतीचा टाका मधोमध अडकून बसतो. मग रेषा पिंजल्यासारखी दिसते आणि उसवायची वेळ आली तर दोराच तुटतो. 14 काउंटला बोथट टोकाची 24 नंबरची टॅपेस्ट्री सुई घ्या. कापड याहून बारीक असेल तर 26.

आता करवतीबद्दल. परतताना प्रत्येक भोकात आधीचा दोरा असतोच. तुमची सुई कधी त्याच्या वरून, कधी खालून जात असणार, म्हणून टाके वेगवेगळ्या बाजूंना कलतात. एकच नियम धरा : भोकातून सुई वर काढताना आधीच्या दोऱ्याच्या वरच्या अंगाने काढायची आणि पुढच्या भोकात घालताना आधीच्या दोऱ्याच्या खालच्या अंगाने घालायची. शेवटपर्यंत तेच. सगळे टाके किंचित एकाच बाजूला कलतात आणि डोळ्याला रेषा सरळ दिसते. उभ्या रेषेला वर-खाली ऐवजी डावं-उजवं ठरवा, पण एकदा ठरवलं की बदलू नका.

ताणही बघा. जाताना दोरा ओढून घट्ट आणि परतताना सैल असं झालं तर नियम पाळूनही रेषा लाटेसारखी होते. कापड रिंगमध्ये ताठ ठेवा आणि सुई दोन हालचालींत चालवा, एकदा खाली, एकदा वर. धावदोऱ्यासारखी चार घरं एकदम सुईवर घेतली की ताण हातात राहत नाही.

दोन पदर या कापडाला बरोबर आहेत. मात्र पाच-सहा टाक्यांनंतर सुई मोकळी लटकू द्या म्हणजे पीळ सुटतो. पिळलेले दोन पदर एका पदरासारखे बारीक दिसतात आणि रेषेची जाडी ठिकठिकाणी बदलते.

---

शमा७ :

दुसऱ्या अडचणीवर मी लिहिते, कारण गवंतीचं मर्म तिथेच आहे.

या टाक्यात प्रत्येक घरावरून दोरा दोनदा जातो, एकदा पुढून आणि एकदा मागून. सुई पुढे, मागे, पुढे, मागे अशी चालते आणि हा क्रम कुठेही मोडायचा नाही. फाट्यापाशी बहुतेकांचा हात चुकतो, कारण फाटा सुरू करताना पहिला टाका पुढूनच घालायची सवय असते. सुई त्या क्षणी कापडाच्या मागे असेल तर फाट्याचा पहिला टाका मागूनच पडला पाहिजे.

तुमचाच नमुना घेऊ. दर सहा घरांत एक रोप, तीन घरांनंतरच्या भोकातून वर. देठ तीन घरांचा, टोकाला दोन तिरकी पानं, एकेका घराची.

मुख्य रेषा : पहिलं घर पुढून, दुसरं मागून, तिसरं पुढून. सुई खाली गेली, म्हणजे आता ती मागे आहे.
देठ चढताना : पहिलं घर मागून, दुसरं पुढून, तिसरं मागून. सुई देठाच्या टोकाला वर आली.
डावं पान : जाताना पुढून, येताना मागून. सुई पुन्हा टोकाला वर.
उजवं पान : तसंच.
देठ उतरताना : वरचं घर पुढून, मधलं मागून, खालचं पुढून. सुई मुख्य रेषेच्या त्याच भोकात खाली गेली.
पुढे मुख्य रेषा : चौथं घर मागून, पाचवं पुढून, सहावं मागून. सुई वर आली, नवीन रोपाची सहा घरं पुन्हा पुढूनच सुरू.

रोप तिथल्या तिथे दोन्ही बाजूंनी पूर्ण झालं आणि मुख्य रेषेचा क्रम जराही हलला नाही. फाटा कितीही लांब असो, जाऊन परत आलं की टाक्यांची संख्या समच होते, त्यामुळे मूळ क्रम टिकतो. पुढे क्रम बिघडला तर समजा की मधलं एखादं घर परतताना सुटलंय किंवा सुई एकदम दोन घरं ओलांडून गेलीय. तिथपर्यंत उसवा. पुढे जाऊन दुरुस्त होत नाही.

रेषेच्या शेवटी पोचलात की त्याच वाटेने मागे फिरा. आता फक्त मुख्य रेषेची रिकामी घरं भरायची, रोपांना हात लावायचा नाही.

पहिल्या कामाला नमुना सम घरांचा घ्या, 6 किंवा 8. पाच घरांचा घेतला तर एक रोप पुढून सुरू होतं, त्याच्या शेजारचं मागून. चूक नाही त्यात, पण नवीन हाताला सगळं उलटं वाटायला लागतं. आणि सुई हातात घेण्याआधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलने वाट काढा : पुढचा टाका सलग रेषा, मागचा तुटक. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण उसवणं वाचतं ते इथेच.

---

कृष्णाकाठ :

गाठीबद्दल. कापड आणि दोरा यांच्या मध्ये टोक लपवायचं असतं, आणि तेही रेषेवरच. सुरुवातीच्या भोकापासून चार-पाच घरं पुढे रेषेवर सुई घाला, दोन-अडीच इंच टोक बाहेर सोडा आणि सुरुवातीकडे येताना घराच्या आतल्या विणीतून अगदी बारीक धावदोरा घाला. आयडाचं एक घर अनेक धाग्यांच्या गठ्ठ्याचं असतं, त्यातला एखाददुसरा धागा उचलला की पुरे. नंतर खरा टाका त्यावरून दोन्ही फेऱ्यांत जातो आणि ते झाकलं जातं. बाहेरचं टोक शेवटी कापडालगत कापा.

संपवताना दोरा सुरुवातीलाच परत आलेला असतो. झालेल्या चार-पाच टाक्यांच्या खालून, दोरा आणि कापड यांच्या फटीतून सुई सरकवा, हलके ओढा, कापा. एका रोपावरून दुसऱ्या रोपाकडे रिकाम्या जागेतून दोरा नेऊ नका. पांढऱ्या कापडावर लाल दोरा मागून आडवा गेला की पुढूनही सावलीसारखा दिसतो.

दोऱ्याचा हिशेब : 14 काउंटला एक घर 1.8 मिलिमीटरच्या आसपास. कापडाची जाडी धरून एका टाक्याला साधारण अडीच मिलिमीटर दोरा लागतो. शमाताईंच्या नमुन्यात एका रोपाचे दोन्ही फेऱ्या मिळून 22 टाके. सहा रोपांचे 132, म्हणजे 35 सेंटिमीटर धरा. टोकं आणि सुईत हाताशी राहणारा दोरा मिळून 60 सेंटिमीटर कापा. रोपं जातानाच पूर्ण होत असल्यामुळे पाऊण दोरा जाताना संपला तरी घाबरू नका, परतीला फक्त मुख्य रेषा उरते. फाटे नसलेल्या साध्या रेषेला मात्र निम्मा दोरा संपायच्या आत मागे फिरायला हवं.

---

तेजश्री_प :

खूप आभार तिघींचेही. बोथट सुई आणि वरून-खालून हा नियम, दोन्हींनी लगेच फरक पडला, रोपंही जुळली. बुकमार्कचं माप कुणी सांगाल का? आणि चौकटीची किनार करून बघितली, तिथे नवीनच अडचण. चारही बाजू फिरून सुरुवातीला आले, मग दुसरी फेरी तशीच पुढे सुरू केली, तर टाके आधीच्या टाक्यांवरच पडतात. मधली घरं रिकामी ती रिकामीच.

---

शमा७ :

हे होणारच. बंद आकारात घरांची संख्या सम असेल तर त्याच दोऱ्याने त्याच दिशेने दुसरी फेरी मारता येत नाही. चार घरांचा साधा चौकोन घ्या : पहिलं घर पुढून, दुसरं मागून, तिसरं पुढून, चौथं मागून. पाचवा टाका पुन्हा पहिल्या घरावर आणि तोही पुढूनच. म्हणून सुरुवातीला पोचलं की उलट फिरायचं, चौथ्या घरावरून तिसऱ्याकडे. मग चौथं पुढून पडतं, तिसरं मागून, आणि सगळं भरून निघतं. आडव्या-उभ्या रेषांचा कुठलाही बंद आकार सम घरांचाच असतो, त्यामुळे चौकटीला हाच नियम. एक आडवं, एक उभं, एक तिरकं घर अशा तीन घरांच्या त्रिकोणात मात्र त्याच दिशेने दुसरी फेरी चालते.

मोठ्या किनारीला एक दोरा पुरणारच नाही. तिथे सोपं आहे : नवा दोरा घेतला की जिथे घर रिकामं दिसतंय तिथून पुढून सुरू करा, दिशा कुठलीही चालेल. अडचण फक्त तोच दोरा पुढे चालवला तर येते.

---

उषा_धारवाड :

किनारीला मुरगी घालून बघा, शोभून दिसते. मुरगी म्हणजे पायऱ्यांची गवंतीच. एक घर आडवं, एक उभं. जाताना पुढून सगळी आडवी घरं दिसतात, परतताना सगळी उभी भरतात, त्यामुळे चूक तिथल्या तिथे लक्षात येते. जाताना पुढे एखादा उभा टाका दिसला की थांबायचं. माझ्या मते सरळ रेषेआधी मुरगीच शिकवावी.

चौकट 4 इंची म्हणजे 56 घरं. चारही बाजूंना चार-चार घरं सोडली की किनारीला 48 उरतात. 48 ला 6, 8, 12 या सगळ्यांनी भाग जातो, तेव्हा नमुना कोपऱ्यात अर्धवट तुटत नाही. तरी कोपरे आधी कागदावर काढाच.

---

कृष्णाकाठ :

बुकमार्क : कापड 7 इंच लांब, म्हणजे 98 घरं. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच दशांसाठी सोडा. मधल्या 84 घरांत सहा रोपांची 72 घरं बसतात, दोन्ही बाजूंना सहा-सहा मोकळी. रुंदी 2 इंच, 28 घरं. दोन ओळी समोरासमोर घालायच्या, रोपांची टोकं एकमेकींकडे. एका ओळीची उंची देठ आणि पान मिळून चार घरं.

दशा काढण्याआधी त्या हद्दीवर पांढऱ्या दोऱ्याने उलटी टीप घाला, नाहीतर वीण आत सुटत जाते. लांब कडांना काजाचा टाका, एकेका घरावर. दुमडून शिवू नका. अस्तर लावायचं नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसणं हेच या वस्तूचं सौंदर्य, म्हणून गवंती शिकायला बुकमार्कसारखी दुसरी वस्तू नाही. नेगी आणि मेंथी या कसूतीच्या बाकी दोन टाक्यांना ते जमत नाही. नेगीची मागची बाजू पुढच्याच्या उलट दिसते आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, त्याची मागची बाजू वेगळीच.

लाल दोरा आहे म्हणून एक काळजी. कामाआधी दोऱ्याचं टोक ओलं करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. रंग उतरला तर तो दोरा या कापडावर वापरू नका. इस्त्री करताना जाड टॉवेल खाली घ्या, जोर न देता फिरवा, टाके चपटे होत नाहीत.

---

तेजश्री_प :

अजून एकच. हा हात बसला की काळ्या इरकलच्या पदरावर छोटी तुळशी वृंदावनं घालायची आहेत. तिथे घरं मोजायची कशी?

---

उषा_धारवाड :

जुन्या हातांनी सरळ कापडाचे धागे मोजून कसूती केली आहे, चंद्रकळेवरसुद्धा. नवीन माणसाने काळ्या कापडावर तसं सुरू करू नये. सुटी होणारी कॅनव्हास जाळी मिळते, वेस्ट कॅनव्हास म्हणून मागा. तीही 14 काउंटची घ्या, म्हणजे हाच नमुना तसाच उतरतो.

नमुन्यापेक्षा सगळीकडून दीड-दोन इंच मोठा तुकडा कापा आणि पदराच्या आडव्या-उभ्या धाग्यांना समांतर ठेवून कडेने आणि मधून कच्चे टाके घाला. तिरका बसला तर वृंदावन तिरकंच येणार. इथे बोथट सुई चालत नाही, कापड भेदायचं असतं. बारीक टोकदार सुई घ्या, पण जाळीचा धागा टोचू नका, दर वेळी भोकाच्या मधोमधच सुई जाऊ द्या. जाळीचा धागा टाक्यात अडकला तर नंतर ओढताना टाकाही वर येतो. जाळी निघाली की टाके थोडे सैल पडतात, तेव्हा ताण नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवा. मांडीवर पांढरं कापड पसरलंत तर काळ्या पदराची वीण नीट दिसते.

काम झालं की कच्चे टाके काढा, जाळी ओल्या फडक्याने भिजवा. खळ विरघळून ती मऊ पडते. मग चिमट्याने एकेक धागा कापडाला समांतर ओढायचा, वर उचलून नाही. आधी एका दिशेचे सगळे धागे काढा, त्यानंतर दुसऱ्या दिशेचे सहज निघतात. भिजवायच्या आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर पाणी लावून रंग जातो का तेवढं तपासा, रेशमी पदराला हे फार जरुरीचं आहे.