फसलेल्या ध्रुव मोहिमा : वाचायला सुरुवात कुठून करू?

उकाडापीडित :
मंडळी, अंटार्क्टिकाच्या मोहिमेत बुडालेलं शॅकल्टनचं एन्ड्युरन्स जहाज २०२२ मध्ये ३००८ मीटर खोल सापडलं ना, त्याचा व्हिडिओ परवा रात्री दीड वाजता बघत बसलो आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. शंभर वर्षं पाण्याखाली आणि मागच्या बाजूचं नाव अजून वाचता येतंय हो! तर आता अशा फसलेल्या मोहिमांबद्दल वाचायचंय. शाळेत बाईंनी स्कॉटची गोष्ट सांगितली होती, तेवढंच आपलं भांडवल. अट एकच, शौर्यगाथा नकोत, माती नेमकी कुठे खाल्ली ते कळलं पाहिजे. इकडे ४३ डिग्री आहे, फॅनखाली पडून वाचणार.

निशाचर :
शॅकल्टनपासून सुरू करू नकोस, सगळे तिथूनच करतात. त्याच्या जहाजावरचे २८ च्या २८ जगले, म्हणजे तुझ्या अटीत बसतच नाही. पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी होती खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे, ती वाच. त्यांचं काम काय, तर शॅकल्टन खंड ओलांडून येईल तेव्हा त्याच्यासाठी वाटेत खाणं ठेवत जायचं. १९१५ च्या मे मध्ये वादळात त्यांचं जहाज दोर तोडून वाहून गेलं, दहा जण किनाऱ्यावर अडकले, तरी गड्यांनी स्कर्व्हीने सुजलेल्या हिरड्या घेऊन डेपो लावलेच. तिघे मेले. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो आलाच नाही, त्याचं जहाज पलीकडे बुडालेलं आणि यांना पत्ताच नाही. हे वाचून मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नव्हतो.

कॅनडावाली काकू :
फ्रँकलिन वाच रे बाळा. कॅनडाच्या उत्तरेकडून समुद्रमार्ग शोधायला निघाला होता. १८४५, एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं, १२९ माणसं, तीन वर्षांचं खाणं, हजारावर पुस्तकं, आणि एकही परत नाही. फ्रँकलिन स्वतः जून १८४७ ला गेला, उरलेल्या १०५ जणांनी एप्रिल १८४८ मध्ये जहाजं सोडली, हे एका चिठ्ठीमुळे कळलं. नंतर सापडलेल्या एका होडीत साबण, टूथब्रश, रेशमी रुमाल. उपाशी माणसांनी हे ओढत नेलं!
पण मला त्यातला तिथल्या मूळ रहिवाशांचा, इन्यूट लोकांचा भाग जास्त लागतो. १८५४ मध्ये जॉन रे नावाच्या माणसाने त्यांचं ऐकून सांगितलं की हे गोरे उपासमारीने मेले आणि शेवटी एकमेकांना खाल्लं. लंडनमध्ये गहजब झाला. डिकन्ससारख्या लेखकाने लेख लिहून म्हटलं की या रानटी लोकांच्या बोलण्यावर विश्वास कसला ठेवता. पुढे हाडांवर सुरीचे व्रण मिळाले, आणि २०२४ मध्ये डीएनएवरून कळलं की त्यातलं एक हाड एरेबसच्या कप्तानाचं, फिट्झजेम्सचं. जहाजं तरी कुठे सापडली? एरेबस २०१४ ला, जिथे इन्यूट आजोबा-पणजोबा सांगत आले होते त्या भागात, आणि टेरर २०१६ ला, एका इन्यूट माणसाने बर्फातून वर आलेली डोलकाठी पाहिल्याचं सांगितलं म्हणून. ज्या खाडीत मिळालं तिचं नाव आधीपासूनच टेरर बे! विचारायचं ना आधी.
हो, आणि डब्यांतल्या शिशाने सगळे मेले असं छातीठोक सांगणारा व्हिडिओ दिसला तर पुढे जा. शिसं होतं अंगात, पण नंतरच्या तपासण्यांत सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

उकाडापीडित :
काकू _/\_ वाचनखूण साठवली. स्कॉट वगळला तर चालेल ना?

खाणवाला :
अजिबात चालणार नाही. मी भूगर्भवाला, विदर्भात कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलं, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. हिरोगिरी बाजूला ठेवा. सगळी आखणी चौघांची आणि ध्रुवाकडे गेले पाच. परतीच्या वाटेवरचा वन टन डेपो ठरल्यापेक्षा सुमारे ५६ किमी अलीकडेच लावला कारण तट्टं दमली होती, आणि स्कॉट मेला तो शेवटचा तंबू त्या डेपोपासून जेमतेम वीसेक किमीवर! रॉकेलचे डबे उघडले तर अर्धवट, वॉशर थंडीत गेलेले. हे झालं चुकांचं. पण १७ जानेवारी १९१२ ला दक्षिण ध्रुवावर पोचून नॉर्वेचा अ‍ॅमंडसेन महिनाभर आधी येऊन गेल्याचं कळलं, आणि परत येताना मरायला टेकलेल्या या माणसांनी बिअर्डमोर हिमनदीपाशी थांबून दगड गोळा केले, १६ किलो, आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्यात पानाचा ठसा निघाला, ग्लॉसोप्टेरिस इंडिका नावाच्या नामशेष झाडाचा. तेच पान आमच्या कामठीच्या दगडात मिळतं. गोंडांचा मुलुख तो गोंडवन, त्यावरून गोंडवाना. अंटार्क्टिका आणि नागपूर एकेकाळी एकाच जमिनीचे तुकडे, त्याचा पुरावा ते स्लेजवर ओढत होते, त्यांना त्याचा पुरता अर्थही माहीत नसेल.

निशाचर :
+१००. काका, अंगावर काटा. स्कॉट वाचणार असशील तर त्याच्याच मोहिमेतल्या चेरी-गॅरार्डचं 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' घे. मार्च १९१२ मध्ये तो त्याच डेपोवर कुत्री घेऊन आठवडाभर थांबला होता आणि मग परत फिरला. नोव्हेंबरमध्ये तंबू शोधणाऱ्यांतही तोच. जन्मभर ते त्याला चिकटून राहिलं, पुस्तकात जाणवतं. जाडजूड आहे, घाई नको.

खिडकीसीट :
मोठं वाचायचा कंटाळा असेल तर आंद्रे. स्वीडनचा, १८९७ ला हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. फुगा गळतो म्हणून आदल्या वर्षीचा एक सोबती सोडून गेला होता. निघताना खाली घासत फुग्याला दिशा देणारे बरेच दोर खालीच पडले, म्हणजे स्टिअरिंगच गेलं म्हणा ना. तीन दिवसांत बर्फावर. तिघांनी अडीच-तीन महिने बर्फावर काढले आणि एका बेटावर मेले. १९३० ला सापडले तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म होती, ३३ वर्षं गारठलेली, तरी ९३ फोटो निघाले. आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी दोन माणसं, तो फोटो शोधच.

उकाडापीडित :
शोधला. आत्ता पहाटेचे तीन वाजलेत, लाईट गेलीय, मोबाईलवर तोच उघडा आहे. चेरी-गॅरार्ड मागवलं, पण आधी काकूंचा फ्रँकलिन. खाणवाले काका, ते पान खरंच बघायला मिळतं का? आलो तर दाखवाल? मे सोडून कधीही.

खाणवाला :
मे मध्येच या. बर्फाची किंमत कळेल.