मदत हवी आहे: तीन वर्तुळं काढूनही भूकंपाच्या दोन जागा का येतात?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा विषय निघाला आणि पोरं विचारायला लागली, जमिनीच्या पोटातली जागा कळते तरी कशी? म्हटलं, नकाशावर करूनच दाखवू. भूकंपाची पहिली पोचणारी प्राथमिक लहर खडकातून सेकंदाला साधारण ६ किमी धावते, दुय्यम साडेतीन. दोघींच्या पोचण्यातला फरक सेकंदात घेऊन ८ नं गुणला की अंदाजे अंतर मिळतं. सरावासाठी मी आकडे मानले: कोल्हापूर १२ सेकंद, पुणे १६, बेळगाव २४. म्हणजे या गावांभोवतीच्या वर्तुळांच्या त्रिज्या ९६, १२८ आणि १९२ किमी.

कोल्हापूर आणि पुण्याची वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात: एक कोयनेपाशी, दुसरं पार वडूजकडं. बेळगावचं वर्तुळ दोन्हींच्या जवळून जातं! एका मुलीनं विचारलं, "सर, मग नेमका कुठं झाला म्हणायचा?" सोमवारी तिला नीट सांगायचंय. आणि खोली कशी काढतात?

प्रतिसाद:
सर, रीत बरोबर आहे, गावं बदला. पुणे, कोल्हापूर, बेळगाव जवळपास एका रेषेत येतात. त्यामुळं रेषेच्या पश्चिमेला जशी जागा निघते, तशीच पूर्वेलाही निघते. बेळगावऐवजी रत्नागिरी घ्या, ८ सेकंद धरा. वडूज तिथून १४० किमीच्या आसपास, म्हणजे फरक १७ सेकंदांचा यायला हवा. खऱ्या कामातही नोंदकेंद्रं चहूबाजूंनी असावी लागतात, ती याचसाठी.

तरी वर्तुळं एका टिंबात मिळणार नाहीत. वाचनात एक सेकंद चुकला की ८ किमी गेले. म्हणून आता संगणकाला जागा, खोली आणि वेळ अंदाजानं देतात. लहरी कुठं कधी पोचायला हव्यात ते तो काढतो, नोंदींशी ताडतो आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अंदाज सरकवत राहतो.

खोलीसाठी जवळचं केंद्र लागतं. नाभी, म्हणजे भूकंप सुरू होतो ती जमिनीखालची जागा, १० किमी खोल असली तर ९६ किमीवरच्या कोल्हापुराला नकाशावरच्या आणि नाभीपासूनच्या तिरक्या अंतरात जेमतेम अर्ध्या किमीचा फरक पडतो. २० किमीवरच्या केंद्राला तोच सुमारे अडीच किमी होतो.

धागाकर्ता:
रत्नागिरीनं काम झालं, वडूज बाद! मनापासून आभार. आता पोरांना मानलेले आकडे नकोत. दोन्ही लहरी स्पष्ट दिसतील अशा खऱ्या नोंदींच्या प्रती कुणाकडं असतील तर कृपया इथं टाका.